काचेतलं तोरण

नारायण पेठ, पुणे
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

आम्रपाली,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजपुढे वर्षानुवर्षं एकच टिक असते, म्हणून हे कुरिअर. नारायण पेठेतून हडपसरला पत्र पाठवणारी मीच एकटी असेन. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, बसने गेलात तर आजच पोचाल." त्याला म्हटलं, पोचले तरी दार उघडायला हवं ना.

मुद्द्याचं विचारते. लक्ष्मी रोडवरच्या आपल्या शोकेससमोर (आता ती माझी एकटीची आहे, पण सवय जात नाही) सोमवारपासून रोज एक बाई येऊन उभी राहते. तिला तू पाठवतेस का?

पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात साडीच्या दुकानात माशी फिरकत नाही, म्हणून तर नवरात्राची काच सजवायला आपण हेच दिवस धरायचो. रस्ता मोकळा, दुकान मोकळं, आणि दुपारी साडेतीनला ही बाई हजर. पंचावन्न-साठची असेल. रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी. दहा-पंधरा मिनिटं हलत नाही. आणि साड्या बघत नाही! काचेसमोर थांबणारा माणूस आधी साडी बघतो, मग किमतीची चिठ्ठी शोधतो, मग चालू लागतो, हे तूच मला शिकवलंस. ही वर बघते. चौकटीच्या वर.

मला आधी वाटलं समोरच्या दुकानाने पाठवली असेल. गेल्या वर्षीची माझी कुलपांची काच त्यांनी पंधरा दिवसांत उचलली होती, कुलपांच्या जागी किल्ल्या लावून. पण ते लोक फोटो काढतात, टक लावून बसत नाहीत. मग तुझा विचार आला. तुला माझ्या कल्पना चोरायची गरज नाही हे मला ठाऊक आहे. पण माझं कसं चाललंय, हात बिघडला की शाबूत आहे, हे जाणून घ्यायची हौस असू शकते. स्वतः यायचं नसेल तर माणूस पाठवायचा. मीही तेच केलं असतं.

म्हणून तुझ्या माणसाला सांगायला लागू नये, मीच सांगते काचेत काय आहे. यंदा नऊ रंगांच्या नऊ साड्या करायला मी नकार दिला. पाडलेल्या इमारतीतली सागवानी दाराची चौकट मिळाली होती, ती मधोमध उभी केली. उंबऱ्यावरून एक गर्द हिरवी पैठणी आत गेल्यासारखी सोडली आहे, जणू कुणी आत्ताच घरात शिरलं आणि पदर मागे राहिला. वर न दिसणाऱ्या तंगुसाने टांगलेलं एक जुनं मण्यांचं तोरण. बाकी काही नाही. आतल्या पिवळ्या दिव्यात तोरणाची सावली पैठणीवर पडते. मालक जयसिंगशेठ, ज्यांना आयुष्यात कधी काही आवडलेलं नाही, ते दोन मिनिटं उभे राहून "ठीक आहे" म्हणाले.

तोरण जुन्या बाजारातलं. बुधवारचं.

आपलं का फाटलं असं लोक अजून विचारतात. मी सांगते, करारावर नाव कुणाचं आधी यावं यावरून. तू काय सांगतेस कुणास ठाऊक.

उत्तर हो किंवा नाही, एवढंच दे.

सोनाली


नारायण पेठ
बुधवार, १७ सप्टेंबर

आम्रपाली,

तुझं उत्तर मिळालं. पाच वर्षं आठ महिन्यांनी एक ओळ. "तोरणात पोपट किती आहेत?"

मी तुला हो किंवा नाही विचारलं होतं. आणि मी पोपटांबद्दल अक्षरही लिहिलं नव्हतं. पुन्हा आठवून बघितलं; "एक जुनं मण्यांचं तोरण" एवढंच लिहिलं होतं. तोरणावर आंबे असतात, कलश असतात, "सुस्वागतम्" असतं. तुला पोपट कुठून कळले? म्हणजे ती बाई तुझीच. माझ्या संशयावर तू स्वतःच शिक्का मारलास.

सहा आहेत. तिघांचे डोळे लाल मण्यांचे, तिघांचे काळे. झालं समाधान?

काल मी त्या बाईला गाठलं. ती नेहमीसारखी आली आणि काचेला बोट लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन. मग मागे सरून परत एक, दोन, तीन. मॅनेजर संजय म्हणाला, "मॅडम, ही रेकी करतेय. वॉचमनला सांगू का?" मी म्हटलं थांब, मीच जाते.

बाहेर जाऊन विचारलं, "काय पाहिजे?"

"काय न्हाय," ती म्हणाली. नजर वरच. "नुस्तं बघाया बी परवानगी लागती का?"

"रोज बघता, म्हणून विचारलं."

"हितं मागं मेसमधी पोळ्या लाटते मी. रोज ह्याच वाटंनं जाते. रस्ता काय तुमचा न्हाय." मग माझ्याकडे वळली. बारीक डोळे, कपाळावर पीठ. "ह्ये कुठनं आणलं?"

"जुन्या बाजारातनं."

"कुणी इकलं?"

"आता ते मला काय माहीत? दुकानदाराने विकलं."

"त्याला कुणी इकलं?"

मी तोरणाकडे बघितलं. ती स्वतःशीच मान हलवत राहिली, आपल्याला आधीपासून माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याने सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. म्हणाली, "म्हंजे इकलंच म्हणायचं तिनं." आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

आज ती आली नाही. चार वाजेपर्यंत मी मुद्दाम काचेत बसून होते, पैठणीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा बसवत. सुटले असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. "तिनं" म्हणजे कुणी? ती बाई मला काही विचारत नव्हती, दुसऱ्याच कुणाबद्दलचा निकाल ऐकायला आली होती, असं सारखं वाटतंय.

तुला माहीत असेल तर सांग. आणि हा पोरखेळ थांबव. माझ्याबद्दल काही म्हणायचं असेल तर मला म्हण. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना मध्ये घालू नकोस.

जुन्या बाजारातल्या दत्तोबाकडून घेतलं मी तोरण. कधी घेतलं ते आठवत नाही. पावती तो देत नाही, हे तुलाही माहीत आहे.

सोनाली


नारायण पेठ
शुक्रवार, १९ सप्टेंबर

आम्रपाली,

आज तू हद्द केलीस. तुझ्या हिरामावशींना पाठवलंस!

दुपारी मी काचेत होते. गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या, चौकटीच्या मागच्या अंगाला. दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओळखीचा आवाज, "नमस्कार. मला एक माहिती हवी होती." बालवाडीच्या बाईंचा आवाज. तीस वर्षं पोरांना ओळीत बसवलेला. निवृत्त झाल्या तरी तो काही बदलला नाही. आपल्या कामाच्या शेडवर त्या डबा घेऊन यायच्या तेव्हा रस्त्यावरूनच कळायचं, मावशी आल्या.

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

त्यांनी संजयला अगदी नीट विचारलं. समोर टांगलेलं तोरण दुकानाने कुणाकडून घेतलं, नाव मिळेल का. संजयने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुमचा काय संबंध?"

मावशी म्हणाल्या, "ते माझं आहे. म्हणजे माझं आणि माझ्या शेजारणीचं. पुरात हरवलं. आता शेजारीण सगळ्या वसाहतीत सांगत फिरते आहे की मी ते दुकानाला विकलं. मला फक्त तुमच्याकडून एवढं हवंय की मी विकलेलं नाही. लिहून दिलंत तर बरं."

"असं कसं लिहून देणार? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल शोकेसमधली पैठणी माझी आहे."

"मी वस्तू मागत नाही. एक ओळ मागते आहे."

"मावशी, दुपारच्या वेळी कशाला डोकं खाता?" असं म्हणून त्याने वॉचमनला हाक मारली आणि, आम्रपाली, मी हे लिहायचं टाळत होते, त्याने मावशींची पिशवी तपासायला सांगितली. जाताना. "प्रोसिजर आहे," म्हणाला. पाच वर्षांत त्या दुकानात मी कुणाचीही पिशवी तपासलेली पाहिलेली नाही. मावशींनी पिशवी स्वतःच उलटी केली. चष्म्याची डबी, मंडईतली कोथिंबीर, औषधाची पट्टी. त्या वाकून एकेक वस्तू उचलत होत्या तेव्हा वॉचमननेसुद्धा मान फिरवली.

मी काचेत होते. आमच्यामध्ये एक साडी होती फक्त.

बाहेर पडल्यावर त्या रस्त्यावरून काचेकडे बघत राहिल्या. दिवे चालू होते, त्यामुळे त्यांना आतलं सगळं दिसत असणार आणि मला बाहेरचं अर्धवट. त्यांनी मला बघितलं की नाही, मला माहीत नाही.

आता तुला हेच हवं होतं ना? माझी अशी परीक्षा? एका साठीच्या बाईला पुढे करून?

ठीक आहे. तोरण दत्तोबाचं नाही. सहा वर्षांपूर्वी पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर ओढ्याकाठी मावशींच्या वसाहतीत आले होते, तिथलं आहे. पण ते ढिगात होतं. सगळीकडे ढीगच होते, गाद्या, पुस्तकं, भांडी, चिखल. महापालिकेचे डंपर भरून नेत होते. मी उचललं नसतं तर तेही डंपरमध्ये गेलं असतं. मी वाचवलं ते.

शेजारीण कोण ते मला माहीत नव्हतं. मावशींचं आहे हेही माहीत नव्हतं. शपथेवर सांगते.

सोनाली


नारायण पेठ
रविवार, २१ सप्टेंबर

आम्रपाली,

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. या वेळी अडीच पानं. तीन वेळा वाचलं.

तर तू कुणालाच पाठवलं नव्हतंस. मी "मण्यांचं तोरण" लिहिलं आणि तुला जी शंका सहा वर्षं होती ती वर आली, म्हणून पोपट विचारलेस. मी समजले तू टपून आहेस. तुझ्या मनात मात्र तेव्हाही हीच आशा होती की मी "आंबे आहेत" असं उत्तर देईन.

ते तोरण मावशी आणि शेजारच्या मैनाबाईंनी, म्हणजे त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईंनी, मिळून केलं, तीन पोपट एकीचे, तीन दुसरीचे, हे मला माहीत नव्हतं. लाल डोळे मैनाबाईंचे आणि काळे मावशींचे. दोन हिवाळे ओट्यावर बसून ओवलेलं. चौदा एप्रिलला मावशींच्या दाराला लागायचं आणि घट बसले की मैनाबाईंच्या दाराला जायचं. बावीस वर्षं, एकदाही न चुकता. पूर आला तेव्हा घट बसायला चार दिवस होते. आणि ते द्यायला लागू नये म्हणून हिराने लपवलं, असं मैनाबाई सहा वर्षं धरून बसल्या आहेत. दोन दारांमध्ये आठ पावलं. बोलणं बंद. मैनाबाईंच्या सुनेच्या बाळंतपणातसुद्धा मावशींना बोलावलं नाही, हे तू लिहिलं आहेस, आणि तिथे मी पत्र खाली ठेवलं.

आणि मी काचेपुढे उभी राहून काय सांगितलं? कुणी विकलं ते मला माहीत नाही, म्हणाले. माझ्या त्या एका वाक्यावर मैनाबाई घरी गेल्या आणि चार माणसांत मावशींना चोर म्हणाल्या.

आता खरं लिहिते. तुला ठाऊक असलेलंच, पण माझ्या हाताने.

ते ढिगात नव्हतं. वस्तू गल्लीत बाजांवर वाळत घातल्या होत्या. ओळीने बाजा होत्या. कुणाची कुठली हे मला कळत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. एका बाजेवर चादर पसरली होती. मी चादर उचलून बघितली. टाकून दिलेल्या वस्तूवर कुणी चादर घालत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. खाली तोरण, मण्यांमध्ये चिखल भरलेला, आणि तरी ते असं काही दिसत होतं, की माझ्या डोळ्यांसमोर तिथेच काच उभी राहिली. पिवळा दिवा, सावली, सगळं. लोक आयुष्यातलं सगळं घालवून गल्लीत उभे होते आणि मी दिवा कुठून टाकायचा याचा विचार करत होते.

आपला नियम होता, पडलेलं उचलायचं, ठेवलेलं नाही. नियम तू केला होतास. आपण पहिली काच केली, छत्र्यांच्या मोडक्या काड्यांचा मोर, तेव्हा. एक काडीसुद्धा आपण कुणाच्या ओट्यावरून उचलली नव्हती.

तू माझी पिशवी बघितलीस आणि म्हणालीस, "ठेव परत." मी म्हणाले, ठेवते. दहा मिनिटांनी विचारलंस, "ठेवलंस?" मी म्हणाले, हो. पुढच्या जानेवारीत शेडवर तू म्हणालीस, "ते लोखंडी कपाट उघड." मी म्हणाले, माझ्यावर विश्वास नसेल तर बरोबर काम करण्यात अर्थ नाही. त्यावर तू तुझी हत्यारं गोळा केलीस. करारावरच्या नावाची गोष्ट मी नंतर रचली. इतक्यांदा सांगितली की मलाच खरी वाटायला लागली होती.

तू मावशींना तुझा संशय कधीच सांगितला नाहीस, कारण पुरावा नव्हता आणि मला तिथे तूच नेलं होतंस. म्हणजे तूही सहा वर्षं त्या घरात मान खाली घालून जात होतीस.

सहा वर्षं ते मी बाहेर काढलं नाही. यंदा वाटलं, आता कोण ओळखणार. चोरलेली वस्तू जुनी झाली की सापडलेली वाटायला लागते.

उद्या घट बसतील. मी तोरण उतरवून घेऊन जाते आहे.

सोनाली


नारायण पेठ
मंगळवार, २३ सप्टेंबर

आम्रपाली,

मावशींनी तुला फोन केलाच असेल. तरी माझ्याकडून.

काल सकाळी दुकान उघडायच्या आधी गेले. संजय शटरपाशीच होता. तोरण काढताना बघून ओरडला, "मॅडम, आज घटस्थापना! आज काच उघडी पाडता?" मी त्याला जेवढं होतं तेवढं सांगितलं. शुक्रवारी आलेल्या बाईंचं आहे, मी चोरलेलं आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो पण कोण विचारतंय? त्यांच्याकडे काही पावती आहे का?"

"माझ्याकडेही नाही," मी म्हटलं.

मावशींची माफी माग, असं मी म्हणाले, तर तो म्हणाला, "मी प्रोसिजर फॉलो केली." दुपारी जयसिंगशेठचा फोन आला. दिवाळीची काच ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार आहेत. एका वाक्यात संपलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

वसाहतीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. गल्ली आता फरसबंद केली आहे, तुला माहीत असेल. मावशी ओट्यावर मेथी निवडत होत्या. समोरच्या दारात मैनाबाई झेंडूची माळ लावत होत्या. घटांसाठी त्या दिवशी कामावर गेल्या नव्हत्या. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले, दोघींपासून चार चार पावलांवर. कुणाच्या दारात जायचं ते कळेना.

रात्रभर वाक्यं जुळवली होती. तिथे एवढंच निघालं, "मी आम्रपालीची मैत्रीण. हे मी नेलं होतं. मावशींनी विकलेलं नाही. मी चोरलं."

मैनाबाईंनी तोरण बघितलं, मग मला, मग समोर मावशींना. आणि हसल्या. आम्रपाली, शिव्यांची तयारी करून गेले होते मी, हसण्याची नव्हती.

"किती दिलं हिनं तुला?" त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"ह्या बालवाडीनं. दुकानात मी बघितलं तवा तू म्हणली बाजारातनं आणलं. आता म्हणती चोरलं. तुझ्यासारकी बाई हितं येऊन मणी चोरंल व्हय? हिच्या भाचीची तू मैतरीण. हिनंच शिकवून पाठवलं तुला."

मावशी मेथी निवडायच्या थांबल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मी हिला बोलावलेलं नाही."

"तू तर काय, तू तवाबी कायच केलं न्हवतं!"

माझ्यावर कुणी संशयच घेईना. मी खरं बोलत होते आणि माझे कपडे, माझी पेठ, माझं बोलणं, सगळं माझ्या बाजूने खोटी साक्ष देत होतं. दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मैनाबाई माळ लावायला पाठमोऱ्या झाल्या. गल्लीतल्या दोन-तीन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग मैनाबाई न वळताच म्हणाल्या, "चोरलंस ना? मग सांग की, कसं व्हतं ते. कुठं व्हतं."

"बाजेवर. चादरीखाली."

"कसली चादर?"

"निळी. एक कोपरा जळलेला."

"त्ये तर कुणीबी सांगंल. हिरीलाबी म्हाईत हाय, चादर तिचीच." पण हात थांबला होता. "अजून?"

मी डोळे मिटले. काच लावताना कुठली वस्तू कुठे होती ते मला नेहमी दिसतं, तसं बघितलं. "चादर वाऱ्याने उडू नये म्हणून विटा ठेवल्या होत्या. तीन. एक अर्धी होती, तिला निळा रंग लागलेला होता. मी त्या उचलून नळाच्या कट्ट्याखाली नेऊन ठेवल्या. एकावर एक. आवाज होऊ नये म्हणून."

मैनाबाई वळल्या. चेहरा पार उतरला होता.

"विटा मी ठिवल्या व्हत्या," त्या हळू म्हणाल्या. "ही शाळेत गेल्याली, पोरास्नी खिचडी वाटाया. हिचं सामान मीच बाहीर काडलं. तोरण मीच धुतलं थोडं आन् चादरीखाली घातलं. कुणाला सांगितलं न्हाय. सांजच्याला बघते तर तोरण न्हाय, विटा न्हाय. म्हनलं, हिरीनंच उचललं. हिच्या बाजंवरचं दुसरं कोण उचलंल?"

मावशींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तू धुतलं होतंस?"

"व्हय."

"मला वाटलं ओढ्यानं नेलं. तू बोलायची थांबलीस, मला वाटलं तुझ्या मनात दुसरंच काही आहे. आमच्या घरचं पाणी आता तुला चालत नाही, असं."

"आगं मरो ते!" मैनाबाई खालीच बसल्या, आपल्या उंबऱ्यावर. "इचारायचं तरी."

"तू विचारलंस?"

मी तोरण धरून तशीच उभी. हाताला रग लागली होती, पण खाली कुठे ठेवायचं तेच ठरत नव्हतं. शेवटी मैनाबाई उठल्या, माझ्या हातून ते काढून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज घट बसलं. माझी पाळी."

"पूर आला तेव्हा माझे चार दिवस राहिले होते," मावशी म्हणाल्या.

"आन् सा वर्सं कुणाची? ती कोण मोजणार?"

"चार दिवस माझे. मग तुझं."

"हिरे, लई झालं हं!" असं म्हणत मैनाबाई आठ पावलं चालून समोरच्या ओट्यावर चढल्या आणि मावशींच्या शेजारी बसून तोरण मांडीवर पसरलं. दोघी वाकून मणी तपासायला लागल्या. कुठे सुटलंय, कुठे दोरा कुजलाय. भांडण चालूच होतं. बायका आपापल्या घरात गेल्या. मी तिथे आहे याची कुणाला आठवण नव्हती.

मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी मावशींनी मागून हाक मारली. चालत आल्या, चष्मा पुसत.

"मावशी, शुक्रवारी मी काचेत होते," मी म्हटलं. "तुमची पिशवी…"

"बघितलं मी तुला." एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "आणि बाकीचं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"त्या दिवशी तू जाताना मी शाळेतून येत होते. पिशवी भरलेली होती तुझी. बंद होत नव्हती. तोरण एवढं जाड नसतं."

"तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत?"

मावशींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "तू आमच्या आमूबरोबर आली होतीस."

आम्रपाली, तुलाही मी परवाच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. कबुली देतानासुद्धा तोरणाचीच दिली. कपाटात अजून पाच वस्तू आहेत. लाकडी चौकटीची पाटी. गजराचं घड्याळ. पितळी अडकित्ता. पत्र्याची पेन्सिलपेटी, आत खोडरबर आहे. शिलाई मशीनचा एक खण, बटणांसकट. काल घरी येऊन सगळ्या टेबलावर मांडल्या. एकही कुठल्याच काचेत कधी लावली नाही. नुसत्या हव्या होत्या मला.

मावशी म्हणाल्या, रविवारी सकाळी घेऊन ये. मी म्हटलं, तुम्ही सांगाल का लोकांना? म्हणाल्या, "मी का सांगू? दारोदार तू फिरायचं आणि प्रत्येक दारात तूच सांगायचं." मी हो म्हणाले.

एकच मागणं आहे. रविवारी तू येऊ नकोस. तू बरोबर असलीस, की मला पुन्हा कुणी काही विचारणार नाही.

सोनाली